हायड्रोजनचे कुंकू

नारायण,

शाळेने तुझ्या शोकसभेसाठी माझ्याकडून दोन शब्द लिहून घेतले. हेडमास्तरांनी ते वाचून दाखवले तेव्हा मागे बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. ‘विद्यार्थिप्रिय’, ‘ज्ञानयज्ञ’, ‘न भरून निघणारी पोकळी’ असले शब्द माझ्याकडे तयार असतात, जसे हलवायाकडे बुंदीचे लाडू तयार असतात; बारसे असो की तेरवी, माल एकच. हिंगणघाटच्या तहसील कचेरीसमोर मी उगाच इतकी वर्षे लोकांचे अर्ज लिहीत बसलेलो नाही. माझी वाक्ये मंत्रालयापर्यंत जाऊन आली आहेत. पण तुझ्याबद्दलची ती वाक्ये खोटी होती, आणि ती खोटी आहेत हे आपल्या अल्लीपुरात दोन माणसांना पक्के ठाऊक होते. एक मी. दुसरी तुझी बायको कमल, जी सभेला आलीच नाही.

सबब, खरे ते येथे लिहितो. यावर तिकीट लावलेले नाही, आणि गैरअर्जदारास हजर राहून आपले म्हणणे मांडण्याची सोय नाही. तू जिवंत असताना मला कधी वाक्य पुरे करू दिले नाहीस. आता तुला ऐकावे लागेल.

आपण एका गावचे, एका बाकावरचे. आठवीत मी अडकलो, तू पुढे निघालास, बी.एस्सी. होऊन गावच्याच शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून परत आलास. त्या दिवसापासून माझे नाव तुझ्या तोंडी ‘आठवी नापास वकील’ झाले. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, मयतीतसुद्धा. लोक हसत. मीही हसत असे, कारण तुझ्याइतके चांगले बोलणारा दुसरा कोणी आपल्या गावात नव्हता, आणि चांगल्या बोलणाऱ्याचा मार माणूस मुकाट्याने खातो.

त्या शनिवारची गोष्ट तुला आठवत असेल. अकरावीची मॅट्रिक नुकतीच जाऊन दहावीचा नवा अभ्यासक्रम आला होता. पुस्तकात अणू आले, रेणू आले, आणि पोरांना त्यातले काही म्हणता काही दिसेना. तू गावच्या वाढयाला, म्हणजे सुताराला, गाठलेस. तान्हा पोळा जवळ आलेला; तो बिचारा पोरांचे लाकडी बैल घडवत बसला होता. त्याचे बैल बाजूला ठेवायला लावून तू त्याच्याकडून लिंबाएवढे लाकडी गोळे कातून घेतलेस. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग एकाला दिलास, दुसऱ्याला काळा, तिसऱ्याला निळा, काहींना पांढरा. सायकलच्या तारांचे तुकडे करून गोळे एकमेकांना जोडलेस, आणि ती पिशवी घेऊन थेट कचेरीसमोर माझ्या टेबलाशी आलास. समोर दोन अर्जदार उभे होते. त्यांना कोपराने सारून तू म्हणालास,

“वकील, हात पुढं कर.”

मी केला. तळहातावर तू एक वस्तू ठेवलीस. मधे लाल गोळा, त्याला दोन बाजूंनी दोन पांढरे, जरा वाकडे बसवलेले.

“काय आहे सांग.”

“खेळणं.”

“पानी आहे बे ते. पानी. तू सकाळपासून पेऊन राह्यला ते.”

मग तू सांगितलेस की लाल तो ऑक्सिजन आणि पांढरे दोन हायड्रोजन. घोटभर पाण्यात असल्या तिकडींची मोजदाद ब्रह्मदेवालाही होणार नाही. अर्जदार जागचे हलले नाहीत. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, “मास्तर, आमच्या विहिरीचं खारं आहे, त्यात कोनता गोळा जास्त आहे?” आणि तू त्याला हसला नाहीस. त्याला नीट समजावलेस. मला हसायचास, त्याला हसला नाहीस, हे मी ध्यानात ठेवले आहे.

“ऑक्सिजन लाल काऊन?” मी विचारले. “हवा कुठं लाल असते?”

“नसते.”

“मंग पोट्ट्याइले खोटंच शिकवतं ना.”

“अणूले रंगच नसते, वकील. रंग म्हणजे नुसती निशानी. लाल दिसला का ऑक्सिजन समजाचा, काळा दिसला का कार्बन. उद्या साऱ्या जगानं ठरवलं तर ऑक्सिजन हिरवा करू, काय बिघडते?”

“हिरवी शाई साहेबाची असते,” मी म्हणालो. “मी हिरव्या शाईनं अर्ज लिहिला तर मले आत टाकतीन. निशानी कोनती बी असो, नुसती नसते. तिच्या मागं कोनीतरी उभं असते.”

“म्हनून तू आठवीत नापास झाला,” तू म्हणालास, आणि म्हाताऱ्यासकट सगळे हसले.

तो वाद आपला तेथेच राहिला. पण एक कबूल करतो. त्या दिवसापासून कचेरीच्या रांजणातून पेला भरला की पाण्यात मला तुझ्या तिकड्या दिसतात, एक लाल आणि दोन पांढरे. आठवी नापास माणसाला तू जग आतून दाखवलेस. हे उपकार मी नाकारीत नाही. ते नाकारता आले असते तर हा लेख सोपा झाला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी ठरली. नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे विज्ञान नीट शिकवले जाते की नाही हे पाहायला साहेब येणार होते. स्वागतपर भाषण अर्थात मीच लिहिले होते. तुझे रेणू पोरांनी हाताळून मळले होते, म्हणून तू ते टोपलीत घालून घरी आणलेस आणि ताजा हात दिलास. लाल, काळा, निळा रंग होता. पांढऱ्याचा डबा मात्र वाळून दगड झाला होता. हिंगणघाटला जाऊन नवा डबा आणायचा तुला कंटाळा. भिंतीला लावून उरलेला चुना तू त्या गोळ्यांना फासलास, आणि बायकोला सांगितलेस, “पांढरा ऑइलपेंट आहे, हात लावू नको, वाळू दे.” एवढे करून काचेच्या नळ्या आणायला वर्ध्याला गेलास आणि रात्री तेथेच राहिलास.

दसऱ्याला आपल्याकडे ज्याचे जे हत्यार असेल त्याची पूजा होते. तुझ्या घरच्या पाटावर नांगराचा फाळ होता, शिवणयंत्राची कात्री होती, आणि माझी लेखणी व दौत होती, कारण माझ्या घरी पूजा मांडणारे कोणी उरले नाही आणि कमलवहिनी मला दरवर्षी बोलावीत असे. वहिनीने तुझी टोपली आणून मधोमध ठेवली. “ह्याइचं हत्यार हेच आहे न, भाऊजी?” ती म्हणाली. मी म्हणालो, “हेच.” तिने पाणी शिंपडले. ओल्या बोटाने प्रत्येक गोळ्याला हळद लावली. आणि पांढऱ्या गोळ्यांवरची हळद आमच्या डोळ्यांदेखत लाल झाली.

वहिनीच्या अंगावर काटा आला. कुंकू अजून करंड्यातच होते, तिने उचललेही नव्हते. “देवीनं मान घेतला,” ती म्हणाली. “उद्या ह्याइचं काम होते.” मग काय, तिने उरलेली हळद कालवून सगळे पांढरे गोळे भरून काढले, आणि वरून भक्तिभावाने कुंकू चोळले. मी हात जोडले. मला त्याची लाज वाटत नाही. चुन्यावर हळद लाल होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आरतीचे पाणी तसेच करतात. पण तो चुना आहे हे ठाऊक असणारा मनुष्य वर्ध्याला होता, आणि त्याने त्याला ऑइलपेंट म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी तू बसने थेट शाळेत उतरलास. वहिनीने टोपली डोक्यावरून आणली, वर इस्त्री केलेला रुमाल झाकलेला. टोपली टेबलावर ठेवून ती वर्गाच्या दारात उभी राहिली. तुझे काम होताना तिला पाहायचे होते. तिची जागा मला अजून दिसते: चौकटीला एक खांदा, हातात घडी केलेला रुमाल, नवे लुगडे.

साहेबांनी टोपलीत हात घातला, वरचाच रेणू उचलला, आणि तिसऱ्या बाकावरच्या पोरीला विचारले,

“बेटा, हे काय आहे?”

पोर उभी राहिली. तिने नीट पाहिले. तीन लाल गोळे, जरा वाकडे बसवलेले.

“ओझोन, सर.”

“पाणी!” तू ओरडलास. “पाणी आहे ते!”

“पान्यात दोन पांढरे असते, सर,” पोर म्हणाली. “तीन लाल म्हनजे ओझोन. तुमीच सांगतलं.”

साहेब पोट धरून हसले. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी गोळ्यावर बोट घासले, नाकाशी नेले आणि म्हणाले, “मास्तर, हळद आणि चुना! अहो, हा तर उत्तम प्रयोग झाला. आता हाच शिकवा की. मुलगी तर पहिल्या नंबरात पास.”

नारायण, साहेबांनी तुला दार उघडून दिले होते. तू नुसते आत पाऊल टाकायचे होतेस. एक खडू उचलायचा होतास. आपल्या गावात तुझ्याइतके चांगले बोलणारा दुसरा नव्हता आणि त्या दिवशी सगळा वर्ग तुझ्या तोंडाकडे पाहत होता. तू दाराकडे वळलास.

“ही पाहा, साहेब,” तू म्हणालास. “हायड्रोजनले कुंकू लावनारी बाई. माह्या घरी असते हे. शिंगं तेवढे रंगवाचे राह्यले इचे.”

वर्ग हसला. मास्तर हसवतो तेव्हा पोरे हसतातच. वहिनीही कसनुशी हसली, कारण तिला वाटले हे येथेच संपेल.

“हासून काय राह्यली?” तू म्हणालास. “ये इकडं. पूस ते कुंकू.”

हसणे एकदम थांबले. बायकोला असे कोणी सांगत नाही. सणाला आणलेल्या बैलालाही कोणी असे बोलत नाही. चपराशी दारातून म्हणाला, “मास्तर, असं वंगाळ बोलू नये.” तू त्याच्याकडे पाहिलेही नाहीस.

“पूस म्हनतो ना.”

ती आली. इस्त्री केलेल्या रुमालाने तिने पुसायला घेतले. चुन्यात मुरलेले कुंकू निघते थोडेच? गोळे गुलाबी झाले, रुमाल लाल झाला, तिची बोटे लाल झाली. पोरे पाहत होती, साहेब खिडकीबाहेर पाहत होते, मी माझ्या स्वागतपर भाषणाच्या कागदाकडे पाहत होतो. “लावता येते, पुसता येत नाई,” तू म्हणालास. मग तिच्या हातातून रेणू हिसकून घेतलास.

साहेबांचा शेरा चांगला आला. शाळेचे काही बिघडले नाही. बिघडले असते तर मी तुला निदान राग येण्याचा हक्क दिला असता.

आठवडाभरात तू माझ्या टेबलाशी आलास आणि संस्थेच्या कारंजा (घाडगे) येथील शाळेत बदलीचा अर्ज मला लिहायला लावलास. कारण ‘घरगुती’.

“वहिनीले नेशील?” मी विचारले.

“नाई.”

“काऊन?”

“वकील, तू अर्ज लिही.”

मी लिहिला, आणि त्याच संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन वहिनीला तसे सांगितलेही, कारण माझ्या धंद्यात उलट पक्षाला नोटीस देण्याची रीत आहे. ती भाकरी थापत होती. “कायचं घरगुती, भाऊजी?” एवढेच तिने विचारले.

तू गेलास. तुझे रेणू घेऊन गेलास, म्हातारी आई कमलवहिनीवर ठेवून गेलास. त्या बाईला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे नवऱ्याच्या घरात राहायचे. मग ते घर कारंज्याला असो की कोठेही. दर उन्हाळ्यात ती माझ्याकडे येई. “भाऊजी, ह्याइच्या वापसीचा अर्ज लिहा न. तुमचा अर्ज वाया जात नाई म्हन्तेत.” मी लिहीत असे. माझे उत्तमातले उत्तम मराठी त्या अर्जांत गेले आहे. त्यावर सही तुझी लागत होती. तू पोळ्याला आणि दिवाळीला पाहुण्यासारखा येत असस. मी कागद पुढे करी, तू तो वाचीत असस, एखादे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करीत असस, आणि सही न करता परत देत असस. म्हातारी गेली. तिचे सगळे वहिनीने केले. तेराव्या दिवशी तू पुन्हा बस पकडलीस.

एका संक्रांतीला वहिनीने तीळगुळाचा डबा माझ्याकडे दिला आणि मी कारंज्याला आलो. हमरस्त्यालगत ट्रकदुरुस्तीच्या मागे तुझी खोली. आत एक बाज, एक स्टोव्ह, आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर तुझे रेणू, आता खऱ्या ऑइलपेंटचे, आरशासारखे. पाणी, मिथेन, अमोनिया, कर्बवायू. धूळ नाही कशावर. ढाबेवाल्यांची पोरे दारातून डोकावत होती आणि एकेकाचे नाव घडाघडा सांगत होती. तू त्यांना माझ्यासमोर शाबासकी दिलीस. तुझ्या तोंडून शाबासकी मी पहिल्यांदाच ऐकली.

“आता तरी तिले इथं आन,” मी म्हणालो.

तू खोलीभर नजर फिरवलीस. “मंग हे कुठं ठेवू?”

मला वाटले तू थट्टा करतोस. मी हसलो. तू हसला नाहीस. तीळगुळाचा डबा तू अमोनियाखालच्या फळीवर ठेवलास, तो उघडलासुद्धा नाहीस. ‘तिले काय सांगू’ असे विचारले तेव्हा म्हणालास, “सांग, पोचला.” मी गावी येऊन सांगितले की तू दोन वड्या खाल्ल्यास आणि छान झाल्या म्हणालास. अर्जनवीस पदरचे घालतो, असे तू नेहमी म्हणायचास. त्या दिवशी घातले. बसमध्ये मला तुला विचारायचे सुचले, ते आता विचारतो. अणूला रंग नसतो ना, मास्तर? रंग म्हणजे नुसती निशाणी ना? मग भर वर्गात ती पुसायला का लावलीस?

तुझ्या छातीत कळ आली तेव्हा खोलीत तू आणि रेणू, एवढेच होते. सकाळी ढाब्याच्या मालकाने दार ढकलले. उशाशी तांब्या होता, काठोकाठ भरलेला. मरणाऱ्याच्या तोंडात घोटभर पाणी घालायला घरचे माणूस लागते. फळीवरच्या पाण्याला हात नसतात. हे मी कठोरपणे लिहितो आहे, आणि लिहिताना माझी लेखणी थांबलेली नाही. फक्त शाई दोनदा भरावी लागली.

त्याच भल्या माणसाने ट्रक दिला. तुला आणले, तुझी ट्रंक आणली, आणि रेणूंची टोपली आणली. टोपली वाटेत उपडी होऊ नये म्हणून ढाब्याच्या पोराने ती मांडीवर धरून आणली होती.

अंगणात तुला ठेवले. बायका जमल्या. त्यांतली जी वयाने मोठी ती वहिनीजवळ गेली, ओला पदर हातात घेऊन, कपाळ पुसायला. रीतच आहे. वहिनी म्हणाली, “थांबा, माय. माह्यं एक काम राह्यलं.”

ती घरात गेली आणि करंडा घेऊन आली. मेणाची डबीही आणली. टोपलीतून तिने पाणी काढले. वरच्या गुळगुळीत ऑइलपेंटवर कोरडे कुंकू ठरणार नाही हे तिला कळत होते. म्हणून कपाळाला लावतात तसे तिने आधी दोन्ही पांढऱ्या गोळ्यांना मेण लावले, बोटाने सारखे पसरले, आणि मग त्यावर कुंकू दाबून दाबून भरले. करंडा रिकामा होईस्तोवर. घाई केली नाही. बायका रडायच्या थांबल्या होत्या. मग तिने तो रेणू माझ्यापुढे धरला.

“भाऊजी, आता हे काय झालं?”

मी लाल गोळे पाहिले. तुला पाहिले.

“ओझोन, वहिनी,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, तो तुझ्या छातीवर ठेवला, आणि त्या मोठ्या बाईला म्हणाली, “आता पुसा माह्यं.”

तो तसाच तुझ्याबरोबर गेला. मी घाटावर शेवटपर्यंत थांबलो. मेण आधी पेटले. लाकूड नंतर. तुझ्याच नियमाने पाहायचे तर शेवटी तिन्ही गोळे कार्बनचे झाले.

शोकसभेनंतर शाळेचा चपराशी तुझ्या घरी आला. हेडमास्तरांना तुझे रेणू काचेच्या कपाटात ठेवायचे आहेत, वर तुझ्या नावाची पाटी लावून. पाटीचा मजकूर अर्थात मीच दिला आहे. वहिनीने टोपली पुढे सरकवली. म्हाताऱ्याने एकेक काढून पाहिले, कारण त्याच्याकडून पोहोच घेतली जाणार होती. मिथेन होता, अमोनिया होता, कर्बवायू होता.

“बाई,” तो म्हणाला, “यात पानी नाई.”

वहिनीने उघड्या कपाळावरून हात फिरवला.

“पानी ते घेऊन गेले,” ती म्हणाली.